हँग होणाऱ्या संगणकाचे निदान: वेळ, वीज आणि उष्णता

घरातील संगणक काम चालू असताना एकाएकी थांबतो, पडद्यावरील चित्र आहे तसेच राहते आणि चालू-बंदचे बटण काही सेकंद दाबून धरल्याखेरीज दुसरा उपाय उरत नाही, या अवस्थेला सर्वत्र ‘हँग होणे’ म्हटले जाते. या एकाच नावाखाली मात्र वेगवेगळे बिघाड येतात. संगणक अशा अवस्थेत असताना कळफलकावरील कॅप्स लॉकची कळ दाबावी. तिचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्रणेचा गाभा जिवंत असून एखादा प्रोग्रॅम किंवा पडद्याचे चित्र सांभाळणारा भाग अडकलेला असण्याचा संभव अधिक असतो, आणि दिवाही दाद देत नसेल तर बिघाड बहुधा खोलवरचा, म्हणजे यंत्रभागांचा किंवा त्यांना चालवणाऱ्या ड्रायव्हरचा असतो.

‘कधीही हँग होतो’ ही तक्रार सहसा अपुऱ्या निरीक्षणातून येते. निरीक्षणाने काय साधते याचे एक उदाहरण पाहा. ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील 64 मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीत वर्षानुवर्षे अधूनमधून गूढ स्पंदने उमटत होती. ती प्रामुख्याने कामाच्या वेळांत, त्यातही जेवणाच्या सुमारास येतात हे लक्षात आल्यावर शोधाची दिशा बदलली आणि 2015 मध्ये त्यांचे मूळ वेधशाळेतील मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये सापडले, कारण तो थांबण्याआधीच कोणी त्याचे दार उघडत असे. जुन्नर तालुक्यात खोडद येथे प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, आहे. तिलाही विजेच्या वाहिन्यांवर सैल जोडांपाशी उडणाऱ्या ठिणग्यांच्या रेडिओ गोंगाटाचा उपद्रव होतो आणि तो ओळखून गाळण्यासाठी तेथे खास यंत्रणा विकसित करावी लागली. घरच्या संगणकालाही बिघाडाच्या वेळा टिपण्याची हीच शिस्त लागू पडते: हँग झाल्याची तारीख, वेळ, त्या वेळी चाललेले काम आणि दिव्यांचा उजेड यांची नोंद आठवडाभर ठेवली, तर नवे सुटे भाग विकत घेण्यापूर्वीच संशयितांची यादी बरीच आखूड होते.

आंबेगाव तालुक्यासारख्या, बागायत आणि विहिरींवरच्या मोटारी असलेल्या भागात संगणकाच्या बिघाडाचा पहिला संशयित वीज हाच मानावा, असे ठामपणे म्हणता येते. शेतीपंपांना तीन फेजचा पुरवठा आळीपाळीने कधी दिवसा तर कधी रात्री ठरावीक तासांपुरता मिळतो आणि तो सुरू होताच परिसरातील मोटारी जवळजवळ एकाच वेळी चालू होतात. मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, त्यामुळे त्याच डीपीवरील, म्हणजे त्याच रोहित्रावरील, घरांचे व्होल्टेज क्षणभर खाली येते. गावठाणासाठी स्वतंत्र वाहिनी असेल तर हा त्रास कमी होतो. मळ्यातील वस्तीवर मात्र तो टिकून राहतो.

संगणकाच्या पेटीतील एसएमपीएस, म्हणजे 230 व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेपासून 12, 5 आणि 3.3 व्होल्टची स्थिर वीज तयार करणारा भाग, हे चढउतार झेलण्यासाठीच असतो. प्रचलित मानकानुसार त्याच्या 12 व्होल्टच्या तारेवर 11.4 ते 12.6 व्होल्ट एवढीच सूट असते, आणि वीज क्षणभर खंडित झाली तरी सुमारे 16 मिलिसेकंद, म्हणजे विजेच्या एका आवर्तनाहूनही कमी वेळ, त्याने पुरवठा टिकवून धरणे अपेक्षित असते. ही राखीव शक्ती ज्या कपॅसिटरमध्ये साठवलेली असते ते उष्णतेने आणि वयाने क्षीण होतात; पूर्वी सहज पचणारा झोका मग पचत नाही, आणि संगणक कधी हँग होतो तर कधी आपोआप पुन्हा सुरू होतो. मदरबोर्डवरील कपॅसिटरचे माथे फुगलेले किंवा त्यांतून तपकिरी द्रव पाझरलेला दिसला तर निदानासाठी वेगळ्या चाचणीची गरज उरत नाही. 2000 नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटरमुळे जगभर असंख्य मदरबोर्ड निकामी झाले होते. एसएमपीएसची पेटी मात्र घरी उघडू नये, कारण वायर काढल्यानंतरही आत धोकादायक वीज शिल्लक असू शकते.

विजेवरच्या या संशयाची सर्वांत स्वस्त चाचणी म्हणजे तोच संगणक दुसऱ्या डीपीवरील घरात दोन-तीन दिवस चालवून पाहणे. तेथे तो विनातक्रार चालला तर स्टॅबिलायझर किंवा व्होल्टेज सावरणारा यूपीएस घ्यावा, आणि तत्पूर्वी घराची अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावी, कारण कोळसा-मीठ घालून केलेला जुना अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की निरुपयोगी होतो. घरातील काही दिवे अचानक प्रखर आणि काही मंद होत असतील तर न्यूट्रलची तार सैल झाल्याची शक्यता असते. अशा वेळी घरात 230 ऐवजी 400 व्होल्टच्या जवळपास वीज शिरू शकते, म्हणून मुख्य स्विच बंद करून महावितरणला तातडीने कळवावे.

नोंदवहीत एप्रिल-मेच्या दुपारी किंवा संगणक सुरू करून तासाभराने झालेले बिघाड अधिक दिसले तर संशय उष्णतेकडे वळतो. पंख्यावर आणि हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या, फटींत धुळीचा थर बसतो, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधील उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळते, आणि तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो आणि तरीही भागले नाही तर बंद पडतो. पंख्याची पाती हाताने धरून ब्रशने धूळ काढणे आणि पेस्ट बदलणे हा खर्च किरकोळ आहे.

वेळेशी किंवा तापमानाशी कशाचाच मेळ बसत नसेल तर तात्पुरत्या स्मृतीची, म्हणजे रॅमची, पाळी येते. तिच्या सोनेरी पट्ट्यांवर थर साचून संपर्क तुटक होतो. तेथे खोडरबर हलकेच फिरवण्याचा दुकानदारांचा उपाय साधा असला तरी पुष्कळदा गुण देतो. त्यानंतर मेमटेस्टसारखी चाचणी रात्रभर चालवावी आणि दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून पाहावे. चाचणीत एक चूक आढळली तरी ती पट्टी बाद समजावी. चिपच्या आवरणातील किरणोत्सारी अंशांतून निघणारे अल्फा कण स्मृतीतील अंक उलटवू शकतात, हे इंटेल कंपनीच्या संशोधकांनी 1978 मध्ये दाखवले होते. पण आठवड्यातून तीनदा हँग होणाऱ्या घरगुती संगणकाचा दोष अशा कणांवर ढकलणे हास्यास्पद ठरेल.

हार्ड डिस्कची लक्षणे बरीच बोलकी असतात: दिवा अखंड पेटलेला राहतो, टकटक आवाज येतो, माउस हलतो पण फाइल उघडत नाही. स्मार्ट या डिस्कच्या अंतर्गत नोंदवहीत बदललेल्या किंवा प्रलंबित सेक्टरांची, म्हणजे खराब झालेल्या साठवण-तुकड्यांची, संख्या वाढताना दिसली तर दुरुस्तीच्या आधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढावी.

सॉफ्टवेअरचा क्रम यानंतर येतो, आणि नेमक्या येथेच प्रचलित पद्धत उलटी आहे. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून काही तास काम करावे. तेथेही संगणक हँग झाला तर विंडोज बहुधा निर्दोष आहे, आणि न झाला तर अलीकडे बदललेला ड्रायव्हर, एकाच वेळी बसवलेले दोन अँटिव्हायरस किंवा अपुरी रॅम यांचा विचार करावा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दिसणारी ‘कर्नल-पॉवर 41’ ही नोंद संगणक नीट बंद न होता थांबला एवढेच सांगते. तिला कारण समजून एसएमपीएस बदलणे हा उतावीळपणा होय. विंडोज 10 ला मिळणारी नियमित मोफत सुरक्षा-सुधारणा 14 ऑक्टोबर 2025 पासून थांबली असली, तरी संगणक केवळ त्यामुळे हँग होऊ लागत नाही.

दुकानात मात्र पहिला इलाज बहुधा फॉरमॅटचा असतो, ज्यात माहिती पुसली जाते आणि सैल न्यूट्रल किंवा फुगलेला कपॅसिटर जागच्या जागी राहतो. वाचकांनी संगणक दुरुस्तीला देताना नोंदींचा कागद सोबत द्यावा आणि रॅम व डिस्क यांच्या चाचणीचा निकाल पाहिल्याखेरीज फॉरमॅटला संमती देऊ नये.