एक हुकूम, सहा पंखे

होळी झाली की यवतमाळ जिल्ह्यात घरोघरी कूलर बाहेर निघतात. त्यांत नवा खस भरला जातो, पंप चालतो की नाही ते पाहिले जाते. कूलरच्या पंख्याचा वेग कमी-जास्त करण्याचे बटण घरातल्या माणसांच्या हातात असते. दुपारी तीनला पूर्ण वेग, पहाटे कमी. संगणकाच्या पेटीतही पंखे असतात, पण तिथे हा निर्णय कोणी माणूस घेत नाही. तो कसा घेतला जातो आणि पंखे पाच-सहा असले म्हणजे काय अडचण येते, ते पाहू या. (आपल्याकडे या पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणतात. खरा सीपीयू, म्हणजे प्रक्रियक, ही आत बसलेली लहान बिस्किटाएवढी चिप असते.)

पेटीतला पंखा १२ व्होल्ट डीसीवर चालतो. त्याचा वेग कमी करण्याचा जुना मार्ग म्हणजे व्होल्टेज कमी करणे. पण व्होल्टेज फार उतरले तर पंखा सुरूच होत नाही. दुसरा मार्ग सायकलस्वाराला ठाऊक आहे. तो थोडा वेळ पायडल मारतो, थोडा वेळ पाय थांबवतो, सायकल मात्र अखंड चालते. पायडल मारण्याचा काळ वाढवला की सरासरी वेग वाढतो. चार तारांच्या पंख्यात नेमके हेच होते. दोन तारांतून १२ व्होल्टचा पुरवठा सतत चालू असतो; ‘आता ढकल, आता थांब’ ही खूण चौथ्या तारेतून येते, आणि ती सेकंदाला सुमारे २५,००० वेळा बदलते. हा आकडा मुद्दाम एवढा मोठा ठेवला आहे. माणसाच्या कानाची मर्यादा २०,००० कंपनांच्या आसपास असते. खूण त्याहून सावकाश बदलली तर पंख्यातून बारीक शीळ ऐकू येण्याचा संभव असतो.

उरलेली तिसरी तार उलट दिशेने बोलते. पंख्याच्या प्रत्येक फेऱ्यात तिच्यावर दोन स्पंद येतात. मदरबोर्ड ते मोजतो. सेकंदाला ४० स्पंद आले तर २० फेरे झाले, म्हणजे मिनिटाला १२०० फेरे. पंखा थांबला तर स्पंद थांबतात आणि बोर्डाला ते तात्काळ कळते.

शाळेतल्या साध्या संगणकात असे एक-दोनच पंखे असतात. पण व्हिडिओ संपादनासाठी किंवा मोठ्या छपाईकामासाठी जुळवलेल्या यंत्रात ते सहासुद्धा असतात. मदरबोर्डावरच्या पंख्याच्या एका जोडणीतून साधारणपणे एक अँपिअर एवढीच विद्युतधारा घेता येते. एका पंख्याला ०.१ ते ०.३ अँपिअर लागते, सुरू होताना त्याहून जास्त. सहा पंखे एकाच जोडणीवर लादणे धोक्याचे. यासाठी ‘फॅन हब’ नावाची छोटी पट्टी वापरतात. ती पंख्यांसाठी लागणारी वीज थेट एसएमपीएसमधून घेते आणि मदरबोर्डाकडून फक्त खूण घेऊन सर्व पंख्यांना वाटते.

शाळेच्या सूचनावहीसारखीच ही व्यवस्था आहे. मुख्याध्यापकांची एकच सूचना शिपाई वर्गावर्गांत फिरवतो. फरक इतकाच की येथे सही एकाच वर्गाची घेतली जाते. सहा पंख्यांच्या स्पंदांच्या तारा एकत्र बांधल्या तर स्पंद एकमेकांत मिसळतील आणि मोजणीला अर्थ राहणार नाही. म्हणून साध्या हबमध्ये एकाच, बहुधा पहिल्या क्रमांकाच्या, पंख्याची तार बोर्डापर्यंत नेलेली असते. बाकीच्या पाच पंख्यांना हुकूम पोचतो, पण त्यांचे उत्तर कोणी ऐकत नाही.

आमच्या मते कापसाच्या जिल्ह्यात ही गोष्ट क्षुल्लक नाही. वेचणीच्या आणि जिनिंगच्या दिवसांत हवेत बारीक तंतू उडतात; वणीकडे कोळशाची धूळ असते. तंतू पात्यांवर आणि जाळीवर बसतात, त्यांत धूळ अडकते, वारा कमी होतो, आणि एखादा पंखा अडून थांबतोही. तो चौथ्या क्रमांकावर असेल तर पडद्यावर पहिल्या पंख्याचे १२०० फेरे दिसतच राहतात. म्हणून जो बंद पडणे सर्वांत महागात जाईल, तो पंखा पहिल्या जागी लावावा. प्रक्रियकावरचा पंखा तर हबवर लावूच नये. त्याच्यासाठी मदरबोर्डावर वेगळी जागा असते. सर्व पंख्यांचे स्पंद स्वतंत्रपणे मोजणारे हबही मिळतात, पण ते महाग असतात.

आता हुकूम कोणता द्यायचा? बोर्डाकडे एक तक्ता असतो: इतके तापमान, तर इतके टक्के वेग. खोली पंचवीस अंशांची धरून हा तक्ता भरला असेल तर मे महिन्यात, ४३ अंशांच्या खोलीत, पंखे दिवसभर पूर्ण वेगाने घोंघावतात. त्याने साधते काय? १०० वॅट उष्णता निर्माण करणाऱ्या पेटीतून सेकंदाला १० लिटर हवा गेली, तर ती हवा साधारण १० अंशांनी तापून ५३ अंशांवर बाहेर पडते. २० लिटर गेली तर ४८. ४० लिटर गेली तर सुमारे ४५.५. पहिल्या दुपटीने पाच अंश मिळाले, दुसरीने अडीच. हवा वेगाच्या प्रमाणात वाढते, पण पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात: दुप्पट वेगाला आठपट. शिवाय जास्त हवा म्हणजे जास्त तंतू. आणि पंखे कितीही लावले तरी पेटी ४३ अंशांच्या खाली जाणार नाही. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड करतो, पेटीतल्या पंख्याकडे पाणी नसते. (म्हणून कूलरचा झोत थेट पेटीवर सोडणारेही आढळतात. त्याबरोबर उडणारे पाण्याचे थेंब विसरू नयेत.) अशा ठिकाणी तक्त्यातला पूर्ण वेगाचा टप्पा ७५-८० अंशांपर्यंत वर सरकवावा. बायोसमध्ये हे करता येते.

हबचे वागणे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना सहज दाखवता येईल. संगणक बंद करून, वीज काढून, दुसऱ्या क्रमांकाच्या पंख्याची जोडणी हबवरून सोडवावी. मग संगणक सुरू करून बायोसमधला फेऱ्यांचा आकडा पाहावा. त्यात फरक पडणार नाही. पुन्हा वीज काढून दुसरा पंखा जोडावा आणि पहिल्याची जोडणी सोडवावी. या वेळी पडद्यावर शून्य दिसेल, आणि बाकीचे पाच पंखे फिरतच असतील.