पाडव्याच्या रात्रीची पंगत

गुढीपाडव्याची सकाळ पूजेत आणि नैवेद्यात जाते. पाहुण्यांना बोलवायला खरी सवड मिळते ती संध्याकाळी. सूर्यास्ताच्या सुमाराला गुढी उतरवली, गाठीतली साखर मुलांना वाटली की निवांत पानं मांडता येतात. दहा-बारा माणसांच्या या जेवणाची आधी यादी होते आणि ते सगळं कोण, कधी करणार हा विचार मागाहून येतो. मग घरातली बाई सगळ्यांची जेवणं उरकल्यावर गार अन्न घेऊन बसते. हे मला मुळीच पटत नाही. बेतच असा आखावा, की पानं वाढायच्या वेळी गॅसवर एकच कढई असेल.

पुरणपोळी की श्रीखंड, हा प्रश्न म्हणूनच आधी सोडवावा. पुरणपोळीचा मान मोठा आहे. पण बारा जणांना दोन-दोन धरल्या तरी चोवीस पोळ्या होतात आणि त्या लाटण्या-भाजण्यात एका माणसाची अख्खी दुपार जाते. आठांपेक्षा जास्त पानं असतील तर सरळ श्रीखंड करावं. ते आदल्या दिवशी तयार होतं आणि रात्रभर मुरून उलट छान लागतं.

बारा जणांना एक किलो चक्का पुरतो. घरीच करायचा तर दोन-अडीच लिटर म्हशीच्या दुधाचं दही लावा आणि ते सुती फडक्यात सात-आठ तास टांगून ठेवा. पाडव्याच्या दिवसांत उकाडा असतो, त्यामुळे ओट्यावर टांगलेलं दही आंबट होतं. फडकं चाळणीत ठेवून चाळणी फ्रिजमध्ये ठेवली तर ती भीती राहत नाही. चक्का आधी चाखून पाहावा. गोडसर असेल तर किलोला पाऊण किलो साखर पुरे, आंबट असेल तर बरोबरीने घालावी. साखर मिसळून तासभर तसंच ठेवा, ती विरघळली की पुरणयंत्रातून काढा. कोमट दुधात खललेलं केशर, वेलची आणि किंचित जायफळ घाला. चारोळ्या वेगळ्या वाटीत ठेवाव्यात, सुका मेवा न चालणारा एखादा पाहुणा असतोच. गळलेलं पाणी टाकू नका, पुऱ्यांची कणीक त्यातच भिजवा.

इतकं गोड पानात असलं की शेजारी आंबट-तिखट लागतंच, आणि चैत्र ते कैरीच्या रूपाने देतो. आंबेडाळीला तर गॅसही फोडणीपुरताच लागतो. हरभऱ्याची डाळ चार तास भिजवून भरड वाटायची, त्यात किसलेली कैरी, मीठ, चिमूटभर साखर, वरून मोहरी, हिंग, हळद आणि सुक्या मिरच्यांची फोडणी. दुपारी करून फ्रिजमध्ये ठेवावी. पन्ह्यासाठी कैऱ्या उकडून, गर काढून, गूळ-वेलची घालून दोन दिवस आधी ठेवता येतं. पाहुणे आले की गार पाणी घातलं की झालं. मात्र पाडवा दरवर्षी एकाच तारखेला येत नाही. २०२४ मध्ये तो ९ एप्रिलला होता, २०२६ मध्ये १९ मार्चला. लवकर आला तर कैऱ्या लहान आणि कमी गराच्या मिळतात. अशा वेळी पन्हं सोडा, आंबेडाळ ठेवा.

बाकीचं सोपं आहे. उकडलेल्या बटाट्याची पिवळी भाजी, काकडीची कोशिंबीर, तोंडली घातलेला मसालेभात, त्याबरोबर मठ्ठा. बटाटे सकाळीच उकडावेत. मसालेभात जाड बुडाच्या पातेल्यात झाकून ठेवला की तासभर गरम राहतो. तळण म्हणून नव्या वाळवणातली कुरडई पुष्कळ झाली, ती दुपारी तळून डब्यात भरावी. भजी, वडे यांचा मोह टाळा.

राहिल्या पुऱ्या, त्या मात्र गरमच हव्यात. कणीक घट्ट भिजवा, मूठभर बारीक रवा घाला, म्हणजे पुरी तेल पीत नाही. त्या तळायला घरातल्या पुरुषांनी आणि थोरल्या मुलांनी पाळीपाळीने उभं राहावं. जिने दोन दिवस स्वयंपाक केला, तिचं पान पहिल्या पंगतीत मांडा.