कंधारात बसून पुस्तक काढायचंय? मग आधी क्रम ठरवा, खर्च नंतर



आपल्या प्रशिक्षणात पापड, मसाले, शिवणकाम, शेळीपालन असे विषय चालतात. पण बॅच संपली की दोन-चार जण मागे थांबतात आणि पिशवीतून वही काढतात. कुणाच्या कविता असतात, कुणाची कादंबरी, कुणी आपल्या धंद्याचे अनुभव लिहिलेले. प्रश्न एकच: "सर, पुस्तक काढायला किती खर्च येतो?"

हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा, की पैसा कुणी घालायचा? तुम्ही, प्रकाशकानं की सरकारनं? हे ठरायच्या आधीच प्रेसवाल्याला ॲडव्हान्स दिला, तर काही दारं आपणच आपल्या हातानं बंद करून बसतो. कशी ते पुढं येईलच.

आधी एक उदाहरण बघा, आपल्या मराठवाड्यातलंच. तुळजापूरचे देविदास सौदागर. व्यवसाय शिंप्याचा. रेडिमेड कपडे आल्यावर गावातल्या टेलरचं काय होतं, यावर त्यांनी 'उसवण' ही कादंबरी लिहिली. पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनं ती छापली आणि २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार तिला मिळाला. या पुरस्काराची रक्कम ५० हजार रुपये आणि सोबत ताम्रपट असतो. मला यात पुरस्कारापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांनी विषय बाहेरून आणला नाही, मशीनवर बसून जे दिसत होतं तेच लिहिलं. तुमच्याकडे किराणा दुकान असेल, आडतीवर काम असेल, बचत गटाचं खातं असेल, तर तुमच्याकडे असा माल आहे जो पुण्या-मुंबईच्या लेखकाकडे नाही.

आता हिशोब. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुम्ही नांदेडला दोन-तीन ठिकाणी कोटेशन घ्याच.

समजा १२८ पानांचं पुस्तक, ५०० प्रती. छपाई आणि बांधणी ७० रुपये प्रत, म्हणजे ३५ हजार. डीटीपी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ मिळून १५ हजार. एकूण ५० हजार. किंमत ठेवली २०० रुपये. दुकानदाराला किंवा वितरकाला ४० टक्के कमिशन दिलं तर तुमच्या हातात पडतात १२० रुपये. ५० हजार वसूल व्हायला ४१७ प्रती विकल्या गेल्या पाहिजेत. आणि प्रकाशन समारंभात पाहुणे, भाऊबंद, गुरुजी यांना साठेक प्रती फुकट गेलेल्या असतात, त्या आपल्याकडं जातातच! राहिल्या ४४०. म्हणजे जवळपास सगळा माल खपला तेव्हा कुठं मुद्दल निघालं. स्वतः हातोहात पूर्ण किमतीला विकलं तर २५० प्रतींत पैसे निघतात. स्वखर्चाच्या पुस्तकात खरी कमाई हातविक्रीची, दुकानाची नाही.

आता दुसरी बाजू. प्रकाशकानं स्वतःच्या पैशानं छापलं आणि तुम्हाला छापील किमतीवर १० टक्के मानधन दिलं, तर ५०० प्रतींचे १० हजार रुपये होतात. आकडा लहान वाटतो, पण तुमचं भांडवल शून्य आणि पोत्यात भरलेली पुस्तकं पलंगाखाली नाहीत. म्हणून कुणी "हजार प्रती छापा, प्रत स्वस्त पडते" म्हणालं तर थांबा. प्रत स्वस्त पडते हे खरं आहे, पण न खपलेली प्रत कितीही स्वस्त पडली तरी महागच. पापडाला आपण हेच म्हणतो ना?

एक मुद्दा जीएसटीचा. छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी शून्य आहे. छपाईच्या बिलावर मात्र लागतो. पुस्तकावर कर नसल्यामुळं तो कापून परत मिळत नाही, तो खर्चातच धरायचा. कोटेशन मागताना "करासहित किती?" हे विचारून घ्या.

आता त्या बंद होणाऱ्या दारांकडे येऊ. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, म्हणजे १९६० साली स्थापन झालेलं सरकारी मंडळ, 'नवलेखक अनुदान योजना' चालवतं. ज्याचं आधी पुस्तक आलेलं नाही अशा लेखकाचं हस्तलिखित मागवतात, जाणकारांकडून तपासतात आणि निवड झाली तर प्रकाशनाला अनुदान मिळतं. अर्ज मागवण्याची जाहिरात येते, तिच्यातल्या अटी त्या-त्या वर्षीच्या वाचा. लक्षात आलं का? ही योजना *पहिल्या* पुस्तकासाठी आहे. घाईत शंभर प्रतींचं पुस्तक काढून मोकळे झालात की तुम्ही नवलेखक राहिला नाहीत. राज्य सरकारच्या वाङ्मय पुरस्कारांतही 'प्रथम प्रकाशन' असा वेगळा गट असतो. तिथंही पहिलं पुस्तक एकदाच येतं. म्हणून माझा सल्ला: आधी मंडळाकडे, मग प्रकाशकांकडे आणि दोन्हीकडून नकार आला तरच स्वखर्चाचा विचार. वर्ष-दीड वर्ष जाईल. जाऊ द्या, तेवढ्यात हस्तलिखित सुधारतं.

प्रकाशक शोधायला फार लांब जायची गरज नाही. नांदेडातच संगत, इसाप, निर्मल अशी प्रकाशनं आहेत. त्यांची पुस्तकं आधी वाचा. जो प्रकाशक कविता छापतच नाही त्याला कविता पाठवून उपयोग काय?

पण थेट पुस्तकावर उडी मारण्याआधी सुटं लिहा, हे मी आग्रहानं सांगेन. गिऱ्हाइकाला आधी सँपल देतो तसंच हे. मराठीत यासाठी जागा भरपूर आहेत. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. दिवाळी अंकाचं साहित्य उन्हाळ्यापासूनच गोळा व्हायला लागतं. गणपतीत पाठवलं तर उशीर झाला समजा. मुलांसाठी लिहीत असाल तर बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे, १९७१ पासूनचं. वैचारिक लिहिणाऱ्यांना 'साधना' साप्ताहिक, मराठवाडा साहित्य परिषदेचं 'प्रतिष्ठान'. शेती आणि जोडधंद्यावर लिहिणाऱ्यांना 'ॲग्रोवन' आणि कृषी विभागाचं 'शेतकरी' मासिक. बोलण्याची हातोटी असेल तर आकाशवाणीचं नांदेड केंद्र. काही ठिकाणी मानधन मिळतं, काही ठिकाणी फक्त अंक मिळतो. पाठवायच्या आधी विचारायला लाजू नका.

मोबाईलवर लिहिणाऱ्यांसाठी प्रतिलिपीसारखं ॲप आहे, किंडलवर मराठी ई-बुक स्वतः टाकता येतं, त्याला फी नाही. ई साहित्य प्रतिष्ठान ई-बुक काढून वाचकांना मोफत देतं, पैसे मिळत नाहीत पण वाचक मिळतात. फक्त एक सावधगिरी: जे हस्तलिखित नवलेखक योजनेला किंवा प्रकाशकाला द्यायचंय ते पूर्णच्या पूर्ण आधी नेटवर टाकू नका. 'अप्रकाशित' या शब्दावर अडवणूक होऊ शकते.

आता 'पॅकेज'वाल्यांबद्दल. "अमुक हजार भरा, आयएसबीएन, कॉपीराइट, प्रमाणपत्र, ट्रॉफी सगळं मिळेल" अशा जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. सेवा विकत घेणं हा गुन्हा नाही, पण काय विकत घेतोय ते कळलं पाहिजे. आयएसबीएन नंबर भारतात मोफत मिळतो. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो देते, अर्ज ऑनलाइन आणि लेखक स्वतःही करू शकतो. कॉपीराइट तर लिहिलं त्या क्षणीच तुमचा होतो. तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं टिकतो. नोंदणी सक्तीची नाही. करायचीच असेल तर साहित्यकृतीची सरकारी फी ५०० रुपये आहे. या दोन गोष्टींचे कुणी पाच-सात हजार लावत असेल तर सही करायच्या आधी हिशोब मागा.

आणि करार कागदावरच करा, तोंडी नको. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क हस्तांतर लेखी आणि सहीचंच लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हक्क घेऊन प्रकाशकानं वर्षभरात काहीच केलं नाही आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर ते हक्क संपतात. म्हणून "सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे" असं वाक्य दिसलं की पेन खाली ठेवा. किती प्रती, मानधन किती टक्के, हिशोब वर्षातून कधी, अनुवाद आणि ऑडिओचे हक्क कुणाचे, एवढं तरी स्वच्छ लिहून घ्या. तालुक्याच्या वकिलाला दाखवा. जागेचा व्यवहार करताना दाखवतोच की!

विक्रीसाठी वाचनालयं विसरू नका. राज्यात अ, ब, क, ड वर्गाची सार्वजनिक ग्रंथालयं आहेत, त्यांना पुस्तक खरेदीसाठी अनुदान मिळतं. ग्रंथालय संचालनालय शासनमान्य ग्रंथांची यादी काढतं, तिच्यात पुस्तक आलं तर विक्री सोपी होते. कंधारच्या किल्ल्यावर, जगत्तुंग सागरावर सोप्या मराठीत छोटी माहितीपुस्तिका कुणी नीट केली तर ती शाळांच्या सहलींना हातोहात जाईल, असं मला वाटतं. शंभर प्रतींपासून सुरुवात करता येते. पण वरचा नवलेखकाचा मुद्दा तपासूनच.

पोस्टानं पाठवणार असाल तर १ मे २०२५ पासून टपाल खात्याची 'ज्ञान पोस्ट' सेवा आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोला १०० रुपये, कर वेगळा. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकं चालतात, जाहिराती असलेला मजकूर चालत नाही. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं लागतं. तेव्हा छपाईला देताना आतल्या पानावर ते नाव आहे का ते बघा आणि कागद निवडतानाच एका प्रतीचं वजन पॅकिंगसह ३०० ग्रॅमच्या आत बसतंय का, हे प्रेसवाल्याला विचारा.