ट्रम्पेट की ट्रॉम्बोन? आधी ओठांना विचारा

मुलाने पितळी वाद्य शिकण्याचा हट्ट धरला की बहुतेक घरांत ट्रम्पेटचीच चौकशी सुरू होते. वरातीच्या बँडमध्ये सर्वांत उठून दिसणारा सूर त्याचाच. गोव्याच्या चिक चॉकलेट यांनी सी. रामचंद्र यांच्या संगीतातून तो चित्रपटरसिकांच्या कानांवर ठसवला. परंतु आवडता सूर आणि मुलाला पेलणारे वाद्य नेहमी एकच असते असे नाही. चुकीच्या निवडीमुळे महागडे वाद्य कोपऱ्यात पडून राहते आणि ‘आपल्याला जमत नाही’ असा समज मुलाच्या मनात घर करतो.

या वाद्यांत स्वर उमटतो तो ओठांच्या कंपनातून. (सॅक्सोफोन पितळेचा असला तरी पत्तीवर वाजतो, म्हणून तो या कुळातला नव्हे.) ट्रम्पेटची नळी सुमारे साडेचार फूट, ट्रॉम्बोन व युफोनियमची नऊ फूट, तर मोठ्या ट्यूबाची अठरा फूट भरते. नळी जितकी लांब, तितका स्वर खर्जाकडे झुकतो आणि मुखनळीही मोठी होत जाते. ट्रम्पेटच्या लहान मुखनळीत ओठ आवळून धरावे लागतात. ज्या मुलाला ते साधत नाही, तेच मूल ट्रॉम्बोनवर पहिल्याच दिवशी भरदार स्वर काढू शकते.

ट्रम्पेटला तीन झडपा असतात. ट्रॉम्बोनवर मात्र सरकत्या नळीच्या सात जागा कानाने शोधाव्या लागतात. रागदारी किंवा भजने ऐकत वाढलेल्या मुलांना ही अडचण न वाटता संधी वाटू शकते, कारण या कुळात मींडेच्या सर्वांत जवळ जाणारे वाद्य हेच. अडचण हाताची असते. लहान मुलांचा हात शेवटच्या जागांपर्यंत पोहोचत नाही. त्यांच्यासाठी त्याच पट्टीचे, पण झडपांचे युफोनियम हा उत्तम पर्याय ठरतो. फ्रेंच हॉर्नचा नाद मोहक असला तरी त्याचे वरचे स्वर इतके जवळजवळ असतात की ओठ किंचित ढळला तरी शेजारचा स्वर लागतो. ज्याचा कान पक्का आहे, त्यानेच त्या वाटेला जावे.

समोरचे कायमचे दात येईपर्यंत, म्हणजे साधारण सात-आठ वर्षे वयापर्यंत थांबणे श्रेयस्कर असते. दातांना तारा बसवायच्या असतील तर दंतवैद्याशी आणि शिक्षकांशी आधीच बोलावे. मोठ्या मुखनळीचा दाब तुलनेने कमी जाणवतो.

खरेदीपूर्वी शिक्षकांकडे तीन-चार वाद्ये प्रत्यक्ष फुंकून पाहावीत. शक्य असल्यास काही महिने वाद्य भाड्याने घ्यावे. निवड चुकली तरी सारे वाया जात नाही. श्वास, ओठ आणि कान यांची तयारी पुढच्या वाद्यावरही उपयोगी पडते. मात्र ज्या वाद्याचा सूर काढताना मूल स्वतःहून ‘पुन्हा एकदा’ म्हणते, त्याच वाद्याची निवड करावी.