पायथन २ वरून ३ वर : आदिलाबादच्या गावनोंदी नेताना अक्षरे कशी टिकवावीत

आदिलाबादच्या जुन्या कागदांत एकाच गावाचे नाव किती लिप्यांत सापडेल याचा बाहेरच्या माणसाला पटकन अंदाज येत नाही. निजामाच्या अमदानीतला महसुली कागद उर्दूत, पाटील-पांड्यांच्या घरातला मोडीत आणि १९५६ नंतरचा तेलुगूत. त्या साली राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके इथून मुंबई राज्यात गेले, मुधोळ-भैंसा नांदेडकडून इकडे आले. त्यामुळे कागदांचीही अशीच वाटणी झाली. गोंडीची कथा आणखी निराळी. हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात मारलवाईला गोंड शिक्षक तयार करण्याचे काम सुरू केले, तेव्हा गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत निघाली. पुढे तीच भाषा तेलुगू लिपीतही लिहिली जाऊ लागली.

हे सगळे एका यादीत आणायचे काम आमचे मंडळ बरीच वर्षे करत आहे. गावाचे नाव, कागदातले रूप, मोडीचे बाळबोध लिप्यंतर, असे रकाने. मोडी सराईतपणे वाचणारे आमचे जुने सभासद आता हयात नाहीत. मूळ कागदांपैकी काही घरच्यांनी परत नेले, काहींना वाळवी लागली. थोडक्यात, बऱ्याच नोंदींची ही संगणकातली फाईल हीच आता एकमेव प्रत आहे. म्हणून ज्या प्रोग्रॅमवर ती चालते त्याची भाषा बदलायची वेळ आली तेव्हा मी घाई केली नाही. प्रोग्रॅम पायथन २ मधला होता. त्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० ला थांबली. पायथन ३ तर २००८ च्या डिसेंबरातच आले होते. अशाच जुन्या याद्या घेऊन बसलेली मंडळे पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो.

आधी मूळ फरक समजून घेऊ. संगणकात अक्षर नसतेच, आकडे असतात. युनिकोडने देवनागरीला २३०४ ते २४३१ आणि तेलुगूला ३०७२ ते ३१९९ हे क्रमांक दिले. हे क्रमांक फाईलमध्ये ठेवायची रीत म्हणजे एनकोडिंग. यूटीएफ-८ या रीतीत देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात. 'आदिलाबाद' आपण बोलताना पाच अक्षरांचे, युनिकोडच्या हिशेबी (काना, वेलांटी वेगळी धरून) आठ चिन्हांचे आणि फाईलमध्ये चोवीस बाइटांचे. पायथन २ ला साध्या मजकुराची लांबी विचारली की ते बिनधास्त २४ सांगत असे. त्याला फक्त बाइट दिसत होते, मराठीशी देणेघेणे नव्हते. पोस्टमनने पाकीट न फोडता पोचवावे तसे ते बाइट इकडून तिकडे जात, म्हणून बिघाडही दिसत नसे. पायथन ३ पाकीट फोडून वाचते. त्याच्या लेखी मजकूर वेगळा, बाइट वेगळे, आणि बाइटांचा मजकूर करायचा तर कोणत्या रीतीने वाचू हे त्याला सांगावे लागते.

सांगितले नाही तर ते यंत्राची ठरलेली रीत वापरते, आणि गोम इथेच आहे. लिनक्सवर ती रीत सहसा यूटीएफ-८ असते, सगळे सुरळीत चालते. इंग्रजी विंडोजवर ती १२५२ क्रमांकाची पश्चिम युरोपीय तालिका असते. तिच्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. मग 'केसलापूर' (तेच, नागोबाच्या जत्रेचे) वाचताना तिरप्या रेघेचा रोमन ए, त्यापुढे चलनाचे चिन्ह, त्यापुढे आणखी काहीतरी, असा भरताड उमटतो. तक्रार मात्र येत नाही.

'इंद्रवेल्ली' आले की तोच प्रोग्रॅम चूक दाखवून थांबतो. का? पाय मोडायचे चिन्ह, म्हणजे हलन्त, यूटीएफ-८ मध्ये २२४, १६५, १४१ असे लिहिले जाते, आणि १२५२ तालिकेत १४१ ही जागा रिकामी आहे. १२९, १४३, १४४ आणि १५७ याही रिकाम्या. त्यामुळे जोडाक्षर, पहिला उकार, ए, ऐ, झ यांपैकी काहीही आले की गाडी अडते. 'जैनूर' आणि 'बेला' गुपचूप बिघडतात, 'निर्मल' आणि 'गुंजाळा' ओरडून सांगतात. मला विचाराल तर मराठीतली जोडाक्षरे हा आपल्याला फुकट मिळालेला पहारेकरी आहे.

आणि लोक नेमके त्यालाच घरी पाठवतात. चूक आली की सल्ला मिळतो, 'एरर्सला इग्नोर लावा, चालेल.' चालते खरे. पण न समजलेला बाइट टाकून दिला जातो. नुसते चुकीच्या तालिकेने वाचलेले नाव परत आणता येते: त्याच १२५२ ने पुन्हा बाइट करायचे आणि यूटीएफ-८ ने वाचायचे, मूळ मराठी समोर येते. इग्नोर लावून जतन केलेल्या फाईलमधला हलन्ताचा तिसरा बाइट गेला तो गेला. मोडीवरून उतरवलेल्या नावात जोडाक्षर होते की नव्हते हे मग कोणाला विचारायचे?

म्हणून आम्ही पाळलेली रीत सांगतो. मूळ फाईलची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवली आणि तिला फक्त वाचायची परवानगी दिली. प्रोग्रॅममध्ये जिथे जिथे फाईल उघडते तिथे यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहिले, वाचतानाही आणि लिहितानाही. चुका कडक ठेवल्या, म्हणजे शंका आली की थांबायचे. मग नव्या प्रोग्रॅमने फाईल नुसती वाचून जशीच्या तशी दुसऱ्या नावाने लिहवली आणि दोन्ही फाईली बाइटला बाइट लावून पाहिल्या. फरक निघाला तर आधी ओळ संपल्याची खूण बघा, विंडोज आणि लिनक्सची ती वेगळी असते. नवी फाईल मूळच्या दुपटीहून मोठी झाली असेल तर समजा की मराठी चुकीच्या तालिकेतून जाऊन आली आहे. एक्सेलमधून आलेल्या फाईलच्या सुरुवातीला कधी तीन अदृश्य बाइटांची खूण असते, त्यामुळे पहिल्या रकान्याचे नाव जुळत नाही. त्यासाठी पायथनमध्ये यूटीएफ-८-सिग हा वेगळा प्रकार आहे.

काही जुन्या फाईली मात्र यूटीएफ-८ नव्हत्याच. त्यात दोन जाती. एक इस्की, म्हणजे १९९१ चे भारतीय मानक १३१९४. यात सगळ्या भारतीय लिप्यांना तेच बाइट. मराठीचा 'क' आणि तेलुगूचा 'क' एकच, लिपी कोणती हे वेगळ्या खुणेने कळते. ती खूण हरवली असेल तर फाईल मराठी आहे की तेलुगू हे वाचूनच ठरवावे लागते. आमच्या जिल्ह्यात ही गोष्ट लहान नाही. पायथनसोबत इस्कीचा तक्ता येत नाही, तो आपण करायचा. दुसरी जात श्री-लिपीसारख्या फॉन्टवर टाइप केलेल्या मजकुराची. तिथे फाईलमध्ये खरे तर रोमन अक्षरेच असतात, फॉन्ट त्यांना मराठी पोशाख घालतो. पायथन ३ ती आनंदाने वाचते आणि चूक येत नाही, कारण एनकोडिंग म्हणून ती बरोबरच आहे. त्यासाठी त्या त्या फॉन्टचा रूपांतर-तक्ता हवा. शिवाय पहिली वेलांटी अक्षराआधी टाइप केलेली असते ती अक्षरामागे न्यायची, रफारही हलवायचा.

सगळे नीट वाचले गेले तरी शोध तपासा. पायथनच्या नेहमीच्या शोधसाच्यात 'शब्दातले अक्षर' म्हणजे मूळ वर्ण, काना-मात्रा त्यात येत नाहीत. 'केसलापूर' शब्द म्हणून शोधायला दिले की 'क', 'सल', 'प', 'र' असे तुकडे पडतात. आम्ही साचा बदलून देवनागरी आणि तेलुगूचा पूर्ण पट्टा घातला.

राहिली गोंडी. नारनूर मंडलातल्या गुंजाळा गावी हस्तलिखिते मिळाली, हैदराबाद विद्यापीठाच्या अभ्यासकांनी त्यांच्या लिपीवर काम केले आणि २०१८ च्या जूनमध्ये युनिकोड ११ मध्ये गुंजाळा गोंडीला जागा मिळाली: ७३०५६ ते ७३१३५. हे क्रमांक ६५५३५ च्या पलीकडचे. विंडोजवरचे पायथन २ अशा एका अक्षराची दोन शकले करून ठेवत असे. नाव मधेच कापले तर अर्धे अक्षर इकडे, अर्धे तिकडे. २०१२ च्या ३.३ पासून ही भानगड मिटली. पण ३.६ ला ही लिपीच ठाऊक नाही, तिच्या अक्षराला ते अक्षर मानत नाही. ३.७ मानते. त्यामुळे 'पायथन ३ आहे ना, बस' एवढ्यावर थांबू नका, किमान ३.७ घ्या. मायएसक्यूएलमध्ये यादी ठेवत असाल तर तिथला जुना 'यूटीएफ८' तीनच बाइटांचा आहे. गोंडीला चार लागतात. कडक तपासणी बंद असेल तर पहिल्या गोंडी अक्षरापासून पुढचा सगळा मजकूर कापला जातो, मागे फक्त एक इशारा राहतो. रकाना 'यूटीएफ८एमबी४' करून घ्या, आणि तो प्रोग्रॅम बदलायच्या आधी करा.