घरगुती इंटरनेटचा मासिक कोटा

कालव्याचे पाणी मंजुरीइतकेच मिळते. पुष्कळ योजनांत घरगुती इंटरनेटचेही तसेच असते. मर्यादा ओलांडल्यावर जोडणी बहुधा तुटत नाही, वेग मात्र मंदावतो. ‘अमर्याद’ म्हणविणाऱ्या योजनांतही ही अट असू शकते. यास्तव दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१६ साली कंपन्यांना आदेश दिला : वापर ५०, ९० व १०० टक्के होताच ग्राहकास सूचना द्यावी आणि वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नये.

हवामानाचा अंदाज किंवा बाजारभाव वाचण्यास डेटा अत्यल्प लागतो. कोटा संपतो तो मुख्यतः चित्रपटांनी. जोडणी घेण्यापूर्वी मर्यादा व तीनंतरचा वेग, दोन्ही विचारून घ्यावेत. तसे केल्यास महिनाअखेरीस मुलांचा ऑनलाइन पाठ अडणार नाही.