अठरावें वर्ष संपल्यावर

अठरा वर्षें पुरीं झालीं कीं कायद्याच्या दृष्टीनें मूल सज्ञान होतें. आपल्या घरांतून ह्या गोष्टीचा फारसा गाजावाजा होत नाहीं. मुलगा महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गांत असतो, आई डबा भरून देते, आणि आपण सज्ञान झालों ह्याची आठवण त्यास मतदारयादींत नांव घालतेवेळीं होते, तेवढीच. परंतु ज्यांचें बालपण बालगृहांत गेलें, त्यांस त्याच सुमारास बिछाना, ताट व भावंडांसारखे सोबती सोडून बाहेर पडावें लागतें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्या खानदेशांत पुष्कळ लोक अशा संस्थांस सरसकट ‘रिमांड होम’ म्हणतात व तेथील मुलांनीं कांहीं अपराध केला असावा असें धरून चालतात. अपराधाचा आरोप असलेल्या मुलांकरितां निरीक्षणगृह निराळें असतें. बालगृहांत येतात तीं अनाथ, टाकून दिलेलीं, अथवा ज्यांचा सांभाळ आईबापांस अशक्य झाला अशीं मुलें. हा गैरसमज त्यांच्यामागें बाहेरही येतो. खोली भाड्यानें देणारा घरमालक ‘वडील कोण, गांव कोणतें?’ असें विचारतो, तेव्हां उत्तर काय द्यावें? अर्जावरील रकान्यांतही तेच प्रश्न. दिवाळींत वा नाताळांत वसतिगृह बंद झालें तर जावें कोठें, आणि रात्रीं ताप चढला तर उठवावें कोणास, हे प्रश्न तर कोणत्याच अर्जावर नसतात.

कायद्यानें ह्याचा विचार केलेला नाहीं असें नव्हे. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या ४६ व्या कलमांत संस्थेंतून बाहेर पडणाऱ्या तरुणांस आर्थिक साहाय्य देण्याची तरतूद आहे. ह्यास अनुरक्षण म्हणतात. तें एकविसाव्या वर्षापर्यंत, व विशेष कारण असल्यास तेविसाव्या वर्षापर्यंत देतां येतें. केंद्र शासनाच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ही रक्कम दरमहा ४,००० रुपये ठरविली आहे. रक्कम बेताची आहे, हें खरें. पण माझ्या मतें खरी उणीव पैशांची नाहीं. अर्ज कोठें करावा हें सांगणारें आणि तो नाकारला गेल्यास पुन्हा करावयास लावणारें माणूस घरांत असतें, तें ह्या मुलांस नसतें.

जातीच्या दाखल्याची अडचण ह्याहून चमत्कारिक. तो दाखला वडिलांकडील जुन्या कागदपत्रांवरून मिळतो. ज्याला वडीलच ठाऊक नाहींत, त्यानें कागद कोठून आणावे? गोव्यांतील अनाथाश्रमांत वाढलेली अमृता करवंदे ही मुलगी पुण्यास येऊन शिकली व लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसली. गुण चांगले असूनही, दाखला नसल्यामुळें तिची गणना खुल्या वर्गांत झाली व संधी हुकली. तिनें गाऱ्हाणें थेट मुख्यमंत्र्यांपुढें मांडलें. त्यानंतर २०१८ सालीं महाराष्ट्र शासनानें अनाथांस शिक्षण व शासकीय नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण दिलें.

दुसरें उदाहरण तर आपल्या जळगांवचेंच आहे. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं जळगांव रेल्वेस्थानकावर एक जन्मांध बालिका टाकून दिलेली सांपडली. पुढें ती अमरावती जिल्ह्यांत परतवाड्याजवळ वझ्झर येथें शंकरबाबा पापळकर ह्यांच्या आश्रमांत पोंचली. बाबांनीं तिला माला हें नांव व स्वतःचें आडनांव दिलें. ब्रेल लिपि शिकून ती अमरावतीस पदवीधर झाली, आणि २०२४ सालीं लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखकाची परीक्षा उत्तीर्ण झाली. त्याच वर्षीं बाबांस पद्मश्री जाहीर झाली. वर्तमानपत्रांनीं मालेच्या जिद्दीची स्तुति केली, ती योग्यच. पण एक गोष्ट लक्षांत घ्यावी, कीं यश आलें तेव्हां तिचें वय पंचविशीच्या पुढें होतें. त्यापूर्वीं अपयशही तिनें पाहिलें. बाबांचा आग्रह असा, कीं अपंग अनाथांस अठराव्या वर्षीं बाहेर काढूं नये, त्यांचें आजन्म पुनर्वसन व्हावें, व तसा कायदा व्हावा. ह्याकरितां ते वर्षानुवर्षें झगडले. अठराव्या वर्षीं पाठीमागचा आधार सुटला असता, तर ती परीक्षा देण्याइतकी उसंत तिला मिळाली असती काय?

हा विचार महाराष्ट्रास नवा नाहीं. पंडिता रमाबाईंनीं १८९६-९७ च्या दुष्काळांत सोडविलेल्या मुलींस केडगांव येथें नुसतें जेवूं घातलें नाहीं; विणकाम, छापखान्याचें काम असे हातचे धंदेही शिकविले.

आमच्या पालकांपैकीं कित्येकांचीं दुकानें, कारखाने वा रिकाम्या खोल्या आहेत. अशा एखाद्या तरुणास काम किंवा जागा देतां येण्यासारखी असेल, तर जळगांव व धुळें येथील जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयांत चौकशी करावी. आणि ज्यांच्या ओळखींत सोळा-सतरा वर्षांचें असें मूल असेल, त्यांनीं त्याचा अनाथ दाखला, आधारपत्र व बँकेंतील खातें हीं तें संस्थेंत असतांनाच तयार झालीं आहेत कीं नाहींत, एवढें अधीक्षकांस विचारून घ्यावें.